जिवंत पेशी आणखी बारकाईने कशी पाहायची? सुपर-रिझोल्यूशन सूक्ष्मदर्शक, आवाक्यातल्या खर्चात

पावसाळा लागला की गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत मलेरियासाठी रक्ताच्या काचपट्ट्या तपासायचं काम वाढतं. तंत्रज्ञ काचपट्टीवर तेलाचा थेंब टाकतात, १०० पटीचं ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नमुन्याजवळचं भिंग, लावतात आणि तांबड्या पेशीत बसलेला परजीवी ओळखतात. तांबडी पेशी सात-आठ मायक्रोमीटरची (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), परजीवीचं कडं त्याहून लहान. तेवढं साध्या प्रकाशात स्वच्छ दिसतं. पण त्या परजीवीच्या आत काय घडतंय, कुठलं प्रथिन कुठून कुठे जातंय, हे त्या काचपट्टीवर कळत नाही. एक तर ते फार बारीक असतं. आणि दुसरं म्हणजे वाळवून रंगवलेल्या त्या थेंबात जिवंत काहीच उरलेलं नसतं.

विज्ञानाच्या बातम्यांत ‘सुपर-रिझोल्यूशन’ हा शब्द हल्ली वरचेवर येतो. सोबतची चित्रं झगमगीत असतात आणि यंत्राची किंमत कोटींत. ते वाचून महाविद्यालयातले शिक्षक आणि विद्यार्थी हा विषय आपला नव्हे म्हणून पान उलटतात. आमच्या मते ही घाई आहे. जिवंत पेशीला जेवढी स्पष्टता मानवते, तेवढी मिळवायला सगळ्यात महागडं यंत्र लागत नाही. उलट बऱ्याचदा ते यंत्र त्या कामाला चालतच नाही.

मोठं दिसणं वेगळं, सुटं दिसणं वेगळं

सूक्ष्मदर्शकाची ताकद ‘किती पट’ या आकड्यात शोधायची सवय आपल्याला शाळेपासून लागते. खरी ताकद असते ती दोन जवळजवळचे ठिपके सुटे दाखवण्याची. तिलाच रिझोल्यूशन म्हणतात.

प्रकाश लाटेसारखा वागतो, म्हणून अगदी बिंदूएवढा स्रोतसुद्धा भिंगातून जाऊन एका पसरट डागासारखा उमटतो. दोन डाग एकमेकांवर चढले की ते दोन आहेत हेच कळत नाही. दोन ठिपके सुटे दिसायला त्यांच्यात निदान किती अंतर हवं, याचा हिशेब जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट अबे यांनी १८७३ साली मांडला: प्रकाशाची तरंगलांबी भागिले ऑब्जेक्टिव्हच्या ‘न्युमरिकल अपर्चर’ची दुप्पट. हे अपर्चर म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्याचं माप. ऑब्जेक्टिव्हवर पटीच्या शेजारी कोरलेलं असतं. हिरवा प्रकाश ५२० नॅनोमीटरचा (हजार नॅनोमीटर म्हणजे एक मायक्रोमीटर) धरला आणि अपर्चर १.४, तर उत्तर येतं १८६ नॅनोमीटर. कॉलेजातल्या नेहमीच्या ४० पटीच्या, ०.६५ अपर्चरच्या भिंगाला तेच ४०० पडतं. खोलीच्या दिशेने तर उत्तम भिंगसुद्धा ५०० नॅनोमीटरच्या खाली सहसा जात नाही. अपर्चरच्या हजारपटीपुढे कितीही मोठं केलं तरी फक्त धूसरपणा मोठा होतो.

पेशीतल्या अनेक महत्त्वाच्या गोष्टी या रेषेखालच्या आहेत. मायक्रोट्यूब्यूल ही पेशीतली बारीक नळी २५ नॅनोमीटर जाडीची, कोरोनाचा विषाणू साधारण १०० नॅनोमीटरचा, मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या घड्यांमधलं अंतर १०० नॅनोमीटरच्याही आत. चमकणारा रंग लावला तर एकटी मायक्रोट्यूब्यूल दिसते, पण दोनशे नॅनोमीटर जाड दिसते; तिला चिकटून दुसरी असली तरी एकच वाटते.

मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक का वापरू नये? स्थिर रचनेसाठी जरूर वापरावा. पण त्यात नमुना निर्वातात जातो. त्यासाठी पेशी आधी रसायनांनी घट्ट कराव्या लागतात किंवा झटक्यात गोठवाव्या लागतात. हालचाल बघायची असेल तर तो मार्ग बंद.

अबेची रेषा ओलांडली कशी

सगळ्या युक्त्यांचा पाया फ्लुरोसन्स हा आहे: एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा सोडणारे रेणू. जेलीफिशपासून मिळालेलं हिरवं प्रथिन, जीएफपी, पेशीच्या कुठल्याही प्रथिनाला जनुकाच्या पातळीवर जोडता येतं आणि पेशी जिवंत असतानाच ते चमकतं. त्या प्रथिनाच्या कामाला २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रेषा ओलांडल्याबद्दल २०१४ चं नोबेल एरिक बेट्झिग, स्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांना.

पहिली वाट एकेक रेणू टिपण्याची. सगळे रेणू एकदम चमकू द्यायचे नाहीत. दर फोटोत मोजकेच, एकमेकांपासून लांबचे चमकतील असं करायचं. मग प्रत्येक डागाचा मध्य गणिताने काढायचा. डाग दोनशे नॅनोमीटरचा असला तरी त्याचा मध्य दहा-वीस नॅनोमीटरपर्यंत सांगता येतो. असे हजारो फोटो रचले की चित्र पुरं होतं. २००६ साली आलेल्या पाम आणि स्टॉर्म या पद्धती याच जातीच्या. दुसरी वाट हेल यांची, स्टेड: एक लेझर रेणू चमकवतो आणि भोवती कड्याच्या आकाराचा दुसरा लेझर कडेचे रेणू विझवतो, उरतो तो मधला बारीक ठिपका, आणि तो नमुन्यावरून फिरवायचा. तिसरी वाट सिम, म्हणजे नमुन्यावर प्रकाशाचे पट्टे टाकण्याची. मॅट्स गुस्ताफसन यांनी २००० साली तिने रिझोल्यूशन दुप्पट होतं हे दाखवलं.

मग सगळ्यात बारीक पाहणारीच पद्धत का नको?

कारण पेशी हलते, आणि प्रकाशाने ती भाजते.

आधी हालचाल. पेशीतली एखादी पुटिका, म्हणजे माल वाहणारी बारीक पिशवी, सेकंदाला एक मायक्रोमीटर सरकते, ही नेहमीची चाल. १०० नॅनोमीटरची स्पष्टता हवी असेल तर ती तेवढं सरकायच्या आत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या हिश्शात, चित्र घेऊन व्हायला हवं. २० नॅनोमीटर हवी तर पन्नासाव्या हिश्शात. स्टॉर्मसाठी १० मिलिसेकंदांचे १०,००० फोटो घेतले तर १०० सेकंद जातात. तेवढ्यात पुटिका पेशी ओलांडून गेलेली असते. वीस नॅनोमीटरचा दावा तिथे निव्वळ कागदावर राहतो.

आता भाजणं. स्पष्टता दुप्पट करायची म्हणजे चित्रातल्या प्रत्येक चौकोनाचे चार भाग करायचे. प्रत्येक भागाला आधीइतकेच प्रकाशकण हवे असतील तर एकूण चौपट लागणार, खोलीही धरली तर आठपट. स्टॉर्ममध्ये दर चौरस सेंटीमीटरला किलोवॉटच्या घरात प्रकाश लागतो, स्टेडच्या विझवणाऱ्या लेझरला मेगावॉट आणि त्याहून वर. सिम वॉट ते शंभर वॉटच्या आसपास भागवते.

जादा प्रकाशाने चमकणारे रेणू ऑक्सिजनची आक्रमक रूपं तयार करतात आणि ती आसपासच्या मेदाला, प्रथिनांना, डीएनएला इजा करतात. सगळ्यात आधी बोलतात ते मायटोकॉन्ड्रिया. निरोगी पेशीत ते लांब, वळणदार धाग्यांसारखे असतात. धागे फुटतात, पुन्हा जुळतात. प्रकाश जास्त झाला की काही मिनिटांत फुटणं वाढतं, जुळणं थांबतं, धाग्यांचे मणी होतात, मणी फुगतात आणि मधोमध पोकळ कड्यासारखे दिसू लागतात. त्यानंतर पेशीच्या कडेवर फुगे येतात, ती गोल होते आणि काच सोडते. या टप्प्यावर घेतलेलं चित्र कितीही सुंदर असलं तरी ते मरणाऱ्या पेशीचं चित्र आहे, आणि ते ‘मायटोकॉन्ड्रियाची रचना’ म्हणून खपून जाण्याचा धोका खरा आहे. निळा आणि जांभळा प्रकाश सर्वांत घातक, तांबडा सौम्य. म्हणून प्रयोग जमत असेल तर तांबड्या प्रकाशाने चमकणारे रंग निवडावेत.

जाळीवर जाळी: सिम कशी चालते

मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर धरून उजेडाकडे पाहा. भोकं एवढी बारीक की लांबून दिसत नाहीत, पण दोन पदरांच्या मिळून रुंद लाटांसारख्या पट्ट्या उमटतात. एक पदर जरासा फिरवला की पट्ट्या बदलतात. त्यांची रुंदी दोन्ही जाळ्यांच्या विणीवर ठरते, म्हणून एका जाळीची वीण ठाऊक असेल तर पट्ट्या मोजून दुसरीची काढता येते.

सिममध्ये पहिली जाळी म्हणजे पेशीतली बारीक रचना, दुसरी म्हणजे आपण टाकलेले प्रकाशाचे पट्टे. भिंगाला न दिसणारा तपशील दोहोंच्या मिश्रणाने रुंद पट्ट्यांत उतरतो आणि त्या कॅमेऱ्याला दिसतात. पट्टे तीन दिशांनी फिरवायचे, दर दिशेला तीनदा पुढे सरकवायचे. असे नऊ फोटो. संगणक त्यांतून एक चित्र उलगडतो. वीस मिलिसेकंदांचा एकेक फोटो धरला तर सेकंदाच्या पाचव्या भागात काम आटोपतं. दुपटीवर थांबावं लागतं, कारण आपले पट्टेसुद्धा त्याच भिंगातून जातात आणि अबेच्या रेषेहून बारीक होत नाहीत. हिरव्या रंगात १०० नॅनोमीटरच्या आसपासचं चित्र मिळतं. खास रंग लागत नाहीत. साधं जीएफपी चालतं.

खर्च कुठे वाचतो

संस्थेत फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक असेल तर पहिली सुधारणा मोफत सॉफ्टवेअरने होते. इमेजजे ही प्रतिमा तपासायची मुक्त प्रणाली आणि तिचंच फिजी हे रूप साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यात डीकॉन्व्होल्यूशन करता येतं: एक बिंदू आपल्या यंत्रात कसा पसरतो हे १०० नॅनोमीटरच्या चमकत्या मण्यांवर मोजायचं आणि तो पसारा चित्रातून गणिताने कमी करायचा. काटेकोरपणे हे सुपर-रिझोल्यूशन नव्हे, पण धुकं जातं, आणि अनेक प्रश्नांची उत्तरं तेवढ्यावर मिळतात. नेहमीच्या रिचर्डसन-ल्युसी पद्धतीत दहा-वीस फेऱ्या पुरतात. शंभर केल्या तर पेशीच्या गुळगुळीत पडद्यावरही खोटे दाणे उमटतात.

त्यापुढची पायरी रेणूंच्या लुकलुकण्याची. चमक कधीच स्थिर नसते. एकाच जागेचे ओळीने शंभर फोटो घेऊन त्या चढउतारांतून जास्त बारीक चित्र काढता येतं. २००९ मधली सोफी आणि २०१६ मधली एसआरआरएफ या पद्धती अशा. दुसरीचं इमेजजेमध्ये चालणारं सॉफ्टवेअर मोफत आहे. दहा मिलिसेकंदांचे शंभर फोटो म्हणजे एका चित्राला एक सेकंद; एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम (पेशीतलं पडद्यांचं जाळं) किंवा मायक्रोट्यूब्यूलच्या सावकाश हालचालीला ते पुरतं, धावत्या पुटिकेला नाही.

इथे बहुतेकांची चूक कॅमेऱ्यात होते. दोन ठिपके सुटे दिसायचे असतील तर त्या अंतरात निदान दोन पिक्सेल बसले पाहिजेत. वैज्ञानिक सीमॉस कॅमेऱ्याचा पिक्सेल साधारण ६.५ मायक्रोमीटरचा असतो. ६० पटीच्या भिंगामागे तो नमुन्यावरचे १०८ नॅनोमीटर व्यापतो, म्हणजे अबेची मर्यादासुद्धा धड टिपत नाही. १०० पटीमागे ६५ होतात. सिमला तेही थोडे जाडच. कारखान्यांत तपासणीसाठी वापरतात त्या कॅमेऱ्यांचा पिक्सेल पुष्कळदा ३.४५ मायक्रोमीटरचा असतो आणि ६० पटीमागे तो ५७.५ नॅनोमीटरवर येतो. हे कॅमेरे कितीतरी स्वस्त मिळतात. अंधुक नमुन्यात त्यांचा खरखराट जास्त येतो, पण चमक बरी असेल तर चांगलं काम देतात.

स्वतः सिम जुळवायची तर ऑफिसच्या प्रोजेक्टरमध्ये असते तशी सूक्ष्म आरशांची चिप पट्टे टाकायला वापरतात. उलगडण्यासाठी फेअरसिम हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ठोकळे जोडून सूक्ष्मदर्शक उभारायचा यूसी-टू हा जर्मनीतला मुक्त प्रकल्प आराखड्यांसह उपलब्ध आहे. बरेचसे भाग त्रिमिती छपाईने बनतात. अडचणी दोन येतात. चिपवरचे आरसे तिरपे असल्यामुळे लेझरचा प्रत्येक रंग वेगळ्या कोनात परावर्तित होतो, म्हणून सुरुवात एकाच रंगाने करावी. आणि पट्ट्यांची दिशा बदलली की प्रकाशाचं ध्रुवीकरणही (त्याच्या लाटेच्या कंपनाची दिशा) सोबत फिरलं पाहिजे. नाहीतर एखाद्या दिशेचे पट्टे फिके पडतात आणि तयार चित्रावर त्याच दिशेच्या रेघोट्या राहतात. भिंगावर मात्र काटकसर करू नये. १.४ अपर्चरचं एक चांगलं ऑब्जेक्टिव्ह बाकीच्या बहुतेक भागांपेक्षा महाग पडेल, तरी घ्यावं.

एक सत्र नीट घ्यायचं तर

तळाला काच असलेली डिश घ्या, १.५ क्रमांकाची, म्हणजे ०.१७ मिलिमीटर जाडीची. तेलाची भिंगं याच जाडीसाठी बनवलेली असतात. १ क्रमांकाची काच पातळ पडते, आणि साध्या प्लास्टिकच्या तळातून हे काम होतच नाही. तेलाचा अपवर्तनांक १.५१८, काचेचाही तेवढाच, पण पेशीभोवतीचं द्रव पाण्यासारखं, १.३३ च्या आसपास. म्हणून काचेपासून पाच-दहा मायक्रोमीटर वर गेलं की चित्र फिसकटतं. काचेला चपटी चिकटलेली पेशी निवडा. खोल जायचं असेल तर पाण्याचं ऑब्जेक्टिव्ह लावा.

पोषक द्रव फिनॉल रेडविना घ्या, तो रंग स्वतःच चमकतो. सस्तन प्राण्यांच्या पेशींना ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो. गॅसची सोय नसेल तर २० मिलिमोलर हेपीस (द्रवाची आम्लता स्थिर ठेवणारं रसायन) घालून थोडा वेळ निभावतं. तापवण्याची पेटी दोन तास आधी सुरू करा. धातू तापताना फुगतो आणि फोकस सरकत राहतो. अंधुक चित्रांची कितीतरी प्रकरणं मुळात एवढीच असतात. लेझर शक्य तितका कमी ठेवा आणि फोटोचा वेळ हालचालीला झेपेल इतका वाढवा. त्याच डिशमधला एक कोपरा प्रकाश न टाकता राखून ठेवा. तासाभराने दोन्हीकडच्या पेशी ताडून पाहा, आणि दुसऱ्या दिवशी त्या विभागल्या का तेही पाहा. ही तपासणी नसलेल्या जिवंत चित्रणावर आम्ही विश्वास ठेवत नाही.

गोव्यात काय सोयीचं, काय अडचणीचं

सोय समुद्राची आहे. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था असो वा ताळगाव पठारावरचं गोवा विद्यापीठ, इथले कितीतरी नमुने खाडीचे आणि समुद्राचे: डायटम आणि डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशीय जीव, खारफुटीतल्या बुरश्या. या पेशींना ३७ अंशांची पेटी नको, गॅस नको. खोलीच्या तापमानाला, त्यांच्याच पाण्यात त्या मजेत राहतात. जिवंत चित्रणाचा निम्मा त्रास तिथेच वाचतो.

मात्र हरितद्रव्य स्वतः चमकतं, ६८० नॅनोमीटरच्या आसपास, गडद तांबडं. सौम्य म्हणून सुचवलेला सिलिकॉन-ऱ्होडामीनसारखा गडद तांबडा रंग तिथे नेमका बुडतो. अशा पेशींत हिरवा रंग घ्या आणि फिल्टर ५०० ते ५५० नॅनोमीटरपुरता अरुंद ठेवा. खाडीच्या पाण्यात सापडणारा प्लुरोसिग्मा हा डायटम आणखी एका कामाचा: त्याच्या कवचावरच्या रेषा साधारण अर्धा मायक्रोमीटर अंतराने असतात. ४० पटीच्या साध्या भिंगातून त्या सुट्या दिसल्या नाहीत, तर आधी कंडेन्सर, म्हणजे नमुन्यावर प्रकाश एकवटणारं भिंग, नीट लावा. सुपर-रिझोल्यूशनची गोष्ट नंतर.

अडचण पावसाळ्याची. दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते, धागे काचेच्या थरात रुततात आणि पुसून जात नाहीत. ऑब्जेक्टिव्ह ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या कपाटात ठेवावीत. सिलिका जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरावं. वातानुकूलन रात्री बंद करून सकाळी दार उघडलं की गार यंत्रावर दव धरतं. म्हणून पावसाळ्यात आर्द्रता काढणारं यंत्र रात्रंदिवस चालू ठेवणं बरं. किनाऱ्याजवळच्या खारट हवेने स्क्रू आणि जोड गंजतात, त्यांवर नजर ठेवावी. वीज वरखाली होत असेल तर लेझर आणि कॅमेरा यूपीएसवर हवेतच.

दिसतंय ते खरं की संगणकाने रचलेलं?

हा आक्षेप रास्त आहे. या सगळ्या पद्धतींत अंतिम चित्र गणितातून येतं, आणि गणिताला कच्चा फोटो वाईट मिळाला तर ते नसलेली रचना उभी करतं. सिममध्ये अंधुक नमुन्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी येते. लुकलुकण्याच्या पद्धतींत शेजारचे दोन धागे एक होतात किंवा धागा नसताना उमटतो. त्यांतल्या चमकीवरून प्रथिनाचं प्रमाणही मोजू नये. प्रशिक्षित कृत्रिम बुद्धिमत्ता तर शिकवलेल्या चित्रांसारखंच काही भरून देऊ शकते.

उपाय सोपे आहेत. फोटोंचे दोन गट करा, सम आणि विषम, आणि दोन्हींतून वेगळं चित्र काढा; एकातच दिसणारा तपशील सोडून द्या. तयार चित्र पुन्हा धूसर करून मूळ फोटोशी ताडा. स्क्विरल हे मोफत साधन कुठे फरक पडतो ते रंगवून दाखवतं. कच्चे फोटो कधीही पुसू नका.

यंत्र नसेल तर

आय-स्टेम या केंद्र सरकारच्या पोर्टलवर देशभरच्या संस्थांतली उपकरणं शोधून वेळ मागता येते. बंगळूरच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी सामायिक चित्रण केंद्रं आहेत. अर्ज करताना पद्धतीचं नाव आधी लिहू नका. किती बारीक गोष्ट, किती वेगाने हलणारी, किती वेळ पाहायची, हे तीन आकडे लिहा; पद्धत त्यांतून ठरते. शंभर नॅनोमीटरहून मोठी आणि तासभर पाहायची गोष्ट असेल, तर सिमच सुचवली जाण्याची शक्यता जास्त.

जिवंत पेशी गोव्याहून न्यायच्या तर फ्लास्क द्रवाने काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा, म्हणजे प्रवासात पेशी घुसळून निघत नाहीत. सामान्य तापमानात बहुतेक चिकटणाऱ्या पेशी एखादा दिवस काढतात. पोचल्यावर नवीन द्रव द्या, काचेच्या डिशमध्ये लावा आणि पुरते चोवीस तास सावरू द्या. म्हणून यंत्राची वेळ पोचण्याच्या दिवसाची मागू नका, तिसऱ्या दिवसाची मागा.